दाराचें वजन

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जे प्रश्न चर्चिले जातात ते बहुधा मोठ्या प्रसंगांचे असतात. बुडत्या नौकेंतून आधीं कोणास काढावें, मित्राचा जीव वांचविण्यासाठीं असत्य बोलावें कीं नाहीं, राजाज्ञा आणि सदसद्विवेक यांत विरोध आला असतां कोणाचें ऐकावें, अशा उदाहरणांवर आम्ही पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांपुढें व्याख्यानें देत आलों आहों. परंतु बहुतेक मनुष्यांच्या आयुष्यांत बुडती नौका कधींच येत नाहीं. नळ गळतो, विजेची तार जळते, गच्चीला चीर जाते, दार अडकतें. अशा वेळीं आपण कोणास तरी बोलावतों. तो येतो, काम करतो, पैसे घेऊन जातो. आणि या सर्व व्यवहारांत नीतीचा कांहीं प्रश्न होता असें आपल्या मनांतही येत नाहीं. आमच्या मतें तो तेथें असतो. जें काम करतांना हातापायाला अथवा जिवाला अपाय होण्याचा संभव आहे, तें आपल्या सोयीसाठीं दुसऱ्याकडून पैसे देऊन करवून घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न होय. गाडीच्या खोलीच्या दाराची एक तुटलेली स्प्रिंग पुढें ठेवून या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. विषय क्षुद्र आहे असें कोणास वाटल्यास त्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, अशा स्प्रिंगच्या एका तडाख्यानें मनगट मोडूं शकतें, आणि हातावर पोट असलेल्या मनुष्याचें मनगट मोडलें म्हणजे त्याच्या घरची चूल कशी पेटावी, ही चिंता क्षुद्र नव्हे.

आमच्या नगर शहराचें सरकारी नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. या शहरांत सावेडीच्या बाजूस गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्यांनीं घरें बांधलीं, त्यांपैकीं पुष्कळांनीं तळमजल्यावर एक गाळा काढून ठेविला. पुढें दुकान काढूं, नाहीं तर भाड्यानें देऊं, तोंवर गाडी ठेवूं, असा मध्यम स्थितींतील गृहस्थाचा हा दूरवरचा हिशेब असतो. त्यामुळें गाडीच्या खोलीस इकडे लांकडी फाटक क्वचितच दिसतें. कापडबाजारांतील दुकानांस असतें तसेंच गुंडाळतें लोखंडी शटर असतें. आमच्या घरासही तें आहे. दहा फूट रुंद व आठ फूट उंच असें हें शटर, पोलादी पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेलें, जुन्या मापानें सुमारें अडीच मण, म्हणजे नव्वद किलोंच्या आसपास भरावें. असें असूनही घरांतील बारा वर्षांची मुलगी तें एका हातानें वर लोटीत असे. गेल्या हिवाळ्यांत एके रात्रीं बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. लग्नसराईचे दिवस; कोणीं फटाका उडविला असेल असें समजून घरचीं माणसें पुन्हां झोंपीं गेलीं. सकाळीं शटर वर करूं गेलों तों तें जागचें हलेना. त्याचें वजन आदल्या दिवशीं होतें तेवढेंच होतें. तें आमच्या हाताला मात्र त्या दिवशीं प्रथम लागलें.

या साध्या अनुभवाचा अर्थ समजण्यासाठीं त्या दाराची रचना थोडी पाहिली पाहिजे. शटरच्या माथ्यावर, पत्र्याच्या पेटींत झांकलेला, एक आडवा पाइप असतो. तो दोन्ही बाजूंस बोल्टांनीं आवळून पक्का केलेला असतो, आणि त्यावर चपट्या पोलादी पट्टीच्या, घड्याळाच्या कमानीप्रमाणें वेटाळलेल्या स्प्रिंगा बसविलेल्या असतात. शटर खालीं ओढलें कीं स्प्रिंग आवळली जाते. वर लोटलें कीं ती उलगडते. म्हणजे दार खालीं येतांना त्याच्या वजनानें जें काम होतें तें पोलादांत सांठवून ठेविलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं दार वर नेतांना तीच शिल्लक उपयोगीं पडते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला: जितका जोर लावावा तितकी ती ताणली जाते, आणि जितकी ताणली जाते तितक्याच जोरानें ती परत येऊं पाहते. या जमाखर्चांत फुकट कांहींच मिळत नाहीं. त्यांतील आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दार पूर्ण बंद असतें तेव्हां स्प्रिंग सर्वांत अधिक आवळलेली असते. रस्त्यानें जाणाऱ्यास जें दार अगदीं निश्चल आणि निरुपद्रवी दिसतें, त्याच्याच माथ्यावर त्या वेळीं सर्वांत अधिक जोर दबून बसलेला असतो.

ओझें हलकें करण्याच्या युक्त्या पूर्वींही होत्या. आमचा जिल्हा अवर्षणाचा. येथें विहिरीचें पाणी मोटेनें काढीत. मोटेचे बैल धांवेच्या उतारावरून खालीं जात, त्यामुळें त्यांच्या अंगचें वजन ओढीच्या कामीं येई. ही युक्ति स्प्रिंगइतकीच हुशारीची होती. पण मोटेचा नाडा सर्वांच्या डोळ्यांपुढें असे. तो विरला तर मोटकऱ्यास दिसे, मळ्याच्या धन्यास दिसे, पाणी भरण्यास आलेल्या बायकांसही दिसे. आणि मोटकरी त्याच नाड्यावर बसून धांव उतरत असल्यामुळें कोणाचा जीव कशावर टांगला आहे हें कोणास सांगावें लागत नसे. जुन्या वाड्यांच्या जाड सागवानी दरवाजांस दिंडी ठेवीत. मोठें दार बंदच राही आणि माणूस वाकून दिंडींतून आंत जाई. या सर्व व्यवस्थांत वजन चुकवितां येत असे, वांटून घेतां येत असे, पण झांकतां येत नसे. आजच्या घरांतील बहुतेक सोयींचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं वजन झांकून टाकिलें आहे. आणि वजन झांकलें गेलें म्हणजे तें जो अंगावर घेतो तोही झांकला जातो. वीज येते, तार ओढणारा दिसत नाहीं. मैला वाहून जातो, गटारांत उतरणारा दिसत नाहीं. दार हलकें असतें, त्याचा ताण भरणारा दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याचें ऋणही मनुष्यास वाटत नाहीं. कांहीं तुटतें तेव्हां मात्र तें क्षणभर उघडें पडतें.

आतां कोणी म्हणेल, स्प्रिंग तुटली हा दैवयोग. त्यांत नीति कसली? येथें धातुशास्त्राचा इतिहास आपल्या साहाय्यास येतो. १८४२ सालच्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस तुटला आणि पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. आंस तर रोजच्याच ओझ्याखालीं होता. मग तो त्याच दिवशीं कां तुटावा? पुढें ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-एंजिनियरानें वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं जो भार लोखंड सहज पेलतें, तोच भार हजारों-लाखों वेळां पडत राहिला तर तें अखेर तुटतें. एखाद्या गंजाच्या खळींत किंवा पृष्ठभागावरील ओरखड्यांत केसासारखी चीर पडते, प्रत्येक फेऱ्याबरोबर ती अंशाअंशानें वाढते, आणि शेवटच्या फेऱ्याला उरलेलें पोलाद एकदम दगा देतें. या क्रियेस शास्त्रज्ञ धातूचा थकवा म्हणतात. शब्द मोठा मार्मिक, पण थोडा फसवा आहे. मनुष्याचा थकवा झोंपेनें उतरतो. पोलादाचा उतरत नाहीं. त्यास झालेल्या प्रत्येक श्रमाची नोंद त्याच्या शरीरांत कायम राहते.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस ही गोष्ट आपल्यापेक्षां अधिक परिचयाची आहे. तेथें घरांत शिरण्याची नित्याची वाट बहुधा गॅरेजमधूनच असते. आडव्या फळ्यांचें तें रुंद दार छताखालीं सरकतें आणि त्याचें वजन दाराच्या माथ्यावरील पीळदार स्प्रिंगा तोलून धरतात. अशा साधारण स्प्रिंगचें आयुष्य दहा हजार फेऱ्यांचें धरलेलें असतें. एकदां उघडणें व मिटणें ही एक फेरी. दिवसांत चार फेऱ्या धरल्या तर पंचवीसशें दिवस, म्हणजे सात वर्षांच्या आंतच तिची मर्यादा येते. तेथील कारखानदार त्या स्प्रिंगपाशीं धोक्याच्या सूचना लावतात, आणि तिला पीळ भरण्यासाठीं तिच्याच मापाच्या खास पोलादी कांबी वापराव्यात असें बजावतात. कारण कांबीऐवजीं हाताला सांपडेल तो पेचकस घालून पीळ भरूं गेल्यास तो निसटून हात किंवा तोंड फोडतो. आपल्याकडील शटरवर सूचनाही नसते आणि फेऱ्यांची गणनाही नसते. पण गणना केली नाहीं म्हणून थकवा थांबत नाहीं. जें पूर्वींच मोजतां येतें त्यास दैव म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग आहे. स्प्रिंग एक दिवस तुटणार, आणि ती बदलण्यास कोणाला तरी त्या ताणासमोर उभें राहावें लागणार, ही गोष्ट दार बसविलें त्याच दिवशीं ठरलेली होती. ज्यानें दार बसविलें त्यानें ही गोष्टही दाराबरोबरच विकत घेतली असें मानलें पाहिजे.

आमच्याकडे जो मिस्त्री आला तो पंचेचाळिशीच्या घरांतला, मितभाषी मनुष्य होता. बरोबर हाताखालचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. मिस्त्रीनें आधीं शटरवर कान लावून तें थोडें हलविलें, मग पेटीचा पत्रा काढला, आणि म्हणाला, "सर, तुटलेलीला भ्यायचं कारण नाही. तिच्यातला जोर गेला. भ्यायचं ते शेजारच्या धडकीला." हें वाक्य आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटलें. सामान्य मनुष्य मोडक्या वस्तूला भितो आणि धड दिसणाऱ्या वस्तूजवळ निर्धास्त उभा राहतो; जाणत्याची भीति नेमकी उलट असते. त्यानें घरांतील मुलांस आंत पाठविलें, शटरखालीं लांकडाचे ठोकळे दिले, घोड्यावर चढून पाइपाला एक पाना लावला, दुसरा पाना त्या मुलाच्या हातीं दिला, आणि मगच बोल्ट सैल केले. त्या क्षणीं उरलेल्या स्प्रिंगचा सर्व जोर त्या दोन पान्यांवर आला. एकानें धरावें, दुसऱ्यानें पाना काढून पुन्हां लावावा, अशा रीतीनें एकेक पाव फेरा सोडीत त्यांनीं तो ताण उतरविला. पाना सटकला असता तर पाइप गरकन्‌ फिरून पान्याची दांडी हातावर किंवा जबड्यावर बसली असती. हें सर्व काम दहा-बारा मिनिटांचें. पण तेवढ्या वेळांत त्या दोघांपैकीं कोणीही एक शब्द बोललें नाहीं.

यानंतर खरा प्रश्न निघाला. शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ येऊन उभे होते. ते म्हणाले, "दोन्ही बदलायला कशाला सांगता? एक तर धडधाकट आहे, अन् दुसरीला जोड मारला की झालं. निम्म्यात काम होईल." मिस्त्री हंसून म्हणाला, "मारतो की. तुम्ही म्हणाल तसं. पण वेल्डिंगच्या जाळानं पोलादाचं पाणी जातं, काका. जोडाशेजारी ती पुन्हा तडकणार. अन् दोघी एका दिवशी बसवलेल्या. हिचं झालं ते तिचंही व्हायचं. तेव्हा वर मलाच चढायचंय." गृहस्थांनीं त्यावर जें उत्तर दिलें तें पुष्कळ सज्जनांच्या मनांतलें असतें: "मग काय झालं? तुझा धंदाच आहे तो. धोक्याचे पैसे तू घेतोसच." अखेर दोन्ही स्प्रिंगा बदलल्या गेल्या. परंतु त्या गृहस्थांचें बोलणें आम्ही मनांतून काढूं शकलों नाहीं. कारण तें दुष्टपणाचें नव्हतें. तें एक अर्थशास्त्रीय मत होतें, आणि त्याचा विचार मत म्हणूनच केला पाहिजे.

त्याकडे वळण्यापूर्वीं अगदीं उलट बाजूच्या एका मताचा निकाल लावूं. टॉलस्टॉयनें आणि त्याच्यामागून गांधीजींनीं असें शिकविलें कीं, प्रत्येकानें आपल्या भाकरीपुरतें अंगमेहनतीचें काम स्वतः करावें. आपले कष्ट दुसऱ्याच्या पाठीवर लादून आपण हात स्वच्छ ठेवणें हें पाप होय. मग आपल्या दाराची स्प्रिंग आपणच कां बदलूं नये? या मतांत जो सात्त्विक ओढा आहे तो आम्ही मान्य करतों. ज्या कामास केवळ कष्ट किंवा किळस आड येते, तेथें हें मत बिनतोड आहे. आपलें शौचकूप आपण झाडण्यास कोणतीही विद्या लागत नाहीं. परंतु जेथें कौशल्य हेंच धोक्याचें निवारण आहे, तेथें अनभिज्ञाचें स्वावलंबन हें धोका अंगावर घेणें नसून धोका उत्पन्न करणें होय. जो ताण मिस्त्री व त्याचा सोबती पाव पाव फेऱ्यानें उतरवितात, तोच आमच्यासारख्या खडूशिवाय दुसरें हत्यार न धरलेल्या मनुष्याच्या हातून एका झटक्यांत सुटेल, आणि शेजारीं उभ्या असलेल्या मुलालाही लागेल. रोगी स्वतःवर शस्त्रक्रिया करीत नाहीं म्हणून कोणी त्यास भित्रा म्हणत नाहीं. तेव्हां कारागिरास बोलावणें यांत कमीपणा नाहीं. टॉलस्टॉयच्या उपदेशाचा जो अंश येथें उरतो तो इतकाच: जें आपणांस निर्धोकपणें करतां येतें तें आपण केलें पाहिजे. खांचेंत तेल देणें, शटर आदळूं न देणें, गंज दिसल्यास तुटण्याची वाट न पाहतां सांगणें, अर्धवट उघड्या शटरखालीं कोणास उभें राहूं न देणें, एवढें तर प्राध्यापकालाही जमतें.

आतां शेजाऱ्यांच्या मताकडे येऊं. त्या मताचें कुळ थोर आहे. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, काम जितकें कष्टाचें, घाणेरडें किंवा अप्रतिष्ठेचें असेल तितकी त्याची मजुरी वाढण्याकडे कल असतो. हें तत्त्व धोक्यालाही लावितां येतें: कारागीर धोका जाणतो, त्याची किंमत आपल्या मजुरींत मिळवितो, आपण ती देतों, दोघेही स्वतंत्र, दोघेही संतुष्ट, मग ऋण कोठें राहिलें? परंतु स्मिथ हा त्याच्या अनुयायांपेक्षां अधिक चतुर निरीक्षक होता. त्याच ग्रंथांत तो सांगतो कीं, मनुष्यें हानीचा संभव नेहमींच कमी लेखतात, आणि धोक्याविषयींची ही बेपर्वाई धंदा निवडण्याच्या तरुण वयांत सर्वांत अधिक असते. पाना धरून उभा राहिलेला तो एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या मनगटाची किंमत काय लावणार? त्यास मनगट मोडण्याचा अनुभव नाहीं, आणि ज्यास आहे तो या धंद्यांत बहुधा उरलेला नसतो. शिवाय सौदा स्वतंत्र होण्यास नाहीं म्हणण्याची सोय असावी लागते. मिस्त्रीनें "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलें, त्यांत नम्रता जितकी होती तितकीच गरजही होती. आम्ही जोडच मार म्हणून अडून बसलों असतों तर त्यानें तो मारला असता. न मारावा तर दुसरा कोणी मारील आणि आमच्या गल्लींतलीं पुढचीं कामें त्याकडे जातील, हें तो जाणून होता.

येथें या प्रश्नाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. धोक्याचे दोन भाग पडतात. एक भाग वस्तूंतच असतो: पोलाद आवळलेलें आहे, तें कोणीतरी उतरविलेंच पाहिजे. हा भाग मजुरी देऊन दुसऱ्याकडे सोंपविणें न्याय्य आहे, कारण त्याच्या हातीं गेल्यानें तो खरोखर कमी होतो. दुसरा भाग आपल्या काटकसरीनें, घाईनें किंवा आपण सांगण्याचें टाळल्यानें वाढतो. संध्याकाळीं अंधार पडल्यावर "आत्तांच करून द्या, सकाळीं गाडी काढायची आहे" म्हणणें, सोबतीच्या मजुरीचे पैसे वांचावेत म्हणून "एकट्यानें होणार नाहीं का?" विचारणें, पूर्वीं कोणीं जोड मारला होता ही गोष्ट न सांगणें, आणि निम्म्या पैशांसाठीं जोडाचा हट्ट धरणें, हीं या दुसऱ्या भागाचीं उदाहरणें होत. या भागाची मजुरी कोणत्याही सौद्यांत धरलेली नसते. ती आपण दुसऱ्याच्या शरीरांतून परस्पर काढून घेतों. जोड मारून जे पैसे वांचतात ते आपण वांचविले असें म्हणतों. वास्तविक ते पुढच्या वेळीं घोड्यावर चढणाऱ्याच्या नांवें लिहून ठेविलेले असतात. स्प्रिंगसंबंधीं हूकचा जो नियम आहे तो येथेंही चालतो: आपल्या बाजूनें जेवढा ताण वाढवावा तेवढा तो कोणाच्या तरी बाजूनें परत येतो.

कारागिराशीं आपलें नातें काय असावें, या बाबतींत आपल्या समाजास दोन प्रकारचा अनुभव आहे. गांवगाड्यांत सुतार-लोहार बलुतेदार असत. पिकाच्या वेळीं त्यांस धान्याचा वांटा मिळे आणि वर्षभर नांगर-मोट दुरुस्त करणें त्यांच्याकडे असे. या पद्धतींत माणूस जन्मानें कामाला बांधलेला असे. त्याच्या मुलाची वाटही ठरलेली. आणि घाणेरडें व जोखमीचें काम सर्वांत खालच्या पायरीवर लोटलेलें असे. तिचे गोडवे गाण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. रोख पैशानें कारागीर मोकळा झाला हें उत्तमच झालें. परंतु त्याच पैशानें आपणही मोकळे झालों, ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं. बलुतेदाराचा हात मोडला तर गांवास निदान कळत असे. आज मिस्त्रीचा हात मोडला तर आपल्या फोनमधील एक नंबर लागेनासा होतो, आणि आपण दुसरा लावतों. कामावर जखमी झालेल्यास भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला व पुढें त्यांत बदल होत गेले; पण असल्या कायद्यांची दृष्टि मालक आणि नोकर या नात्यावर असते. जो आपला आपण धनी होऊन घरोघर फिरतो, त्याचा मालक कोण? कायदा जेथें थांबतो तेथें आपलें कर्तव्यही थांबतें असें मानण्यास मात्र आधार नाहीं. आपल्या उंबरठ्यावर, आपल्या कामांत, ज्यास इजा झाली, त्यास दवाखान्यांत नेणें आणि तो बरा होईपर्यंत त्याची विचारपूस व कांहीं तरतूद करणें, हें औदार्य समजूं नये. तें दाराच्या किंमतीपैकीं राहिलेलें देणें आहे.

शेवटीं एक आक्षेप असा निघूं शकेल कीं, मूळ दोष जड दारांचाच आहे. अविश्वास कमी झाला तर दारें हलकीं होतील आणि स्प्रिंगाही लागणार नाहींत. या आक्षेपाचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें गांव, तेथील घरांना चौकटी आहेत पण दारें नाहींत, म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झालें. २०११ सालीं यूको बँकेनें तेथें कुलुपावांचूनची शाखा उघडली, तेव्हां ती बातमी देशभर गेली. २०१५ सालीं तेथें पोलीसठाणेंही आलें. त्या गांवाच्या श्रद्धेची चर्चा येथें प्रस्तुत नाहीं. आमच्या विषयापुरतें त्यांतून एवढेंच दिसतें कीं, वजन नाहींसें होत नाहीं. तें जागा बदलतें. जेथें दार नाहीं तेथें दाराचें काम प्रत्येकाच्या संयमानें करावें लागतें, म्हणजे ताण पोलादांतून निघून माणसांच्या मनांवर वांटला जातो. ही वांटणी कदाचित्‌ अधिक न्याय्य असेल. परंतु कुत्रींमांजरें आंत येऊं नयेत म्हणून तेथेंही चौकटीला फळी टेकवून ठेवतात, आणि बँकेस काचेचें दार लागलेंच. शिवाय दार काढून टाकिलें तरी गच्चीवरची टांकी, विजेची तार, विहिरीवरचा पंप हीं राहणारच. त्यांच्यावर चढणारे आणि त्यांत उतरणारेही राहणार. तेव्हां ज्यास संसार आहे त्यास या प्रश्नांतून सुटका नाहीं.

मग आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? धोक्याचें काम दुसऱ्याकडून करवून घेण्याचा अधिकार आपणांस आहे. परंतु तो केवळ पैशानें मिळत नाहीं. ज्याच्या हातीं तें काम दिल्यानें धोका खरोखर कमी होतो, अशा जाणत्याकडेच तें द्यावें. आपणांस त्या वस्तूविषयीं जें जें ठाऊक आहे तें त्यास आधीं सांगावें. तो नाहीं म्हणाला, किंवा उद्यां दिवसाउजेडीं करतों म्हणाला, तर तें त्याच्या आळसाचें लक्षण न समजतां ज्ञानाचें समजावें. हाताखालच्या मुलाची मजुरी निराळी मागितली तर ती आनंदानें द्यावी, कारण तो दुसरा पाना धरण्यासाठीं आलेला असतो. आणि काम बिघडून त्यास इजा झालीच तर हिशेब पुरा झाला असें म्हणूं नये.

हीं कर्तव्यें फार मोठीं नाहींत. त्यांसाठीं कोणास हुतात्मा व्हावें लागत नाहीं. पण यांचा आरंभ एका लहान संवयीपासून करावा लागेल. कारागीर दारांत आला कीं आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "किती घ्याल?" त्याऐवजीं प्रथम "हें काम नीट आणि निर्धोकपणें करण्यास काय काय लागेल?" असें विचारावें, त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें, आणि पैशांची गोष्ट त्यानंतर काढावी.